घरातली नाईट शिफ्ट

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे मास्तरांना मी नको होतो आणि मला मास्तर. त्यामुळे लिहिण्यात चुका निघतील, त्या वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्याव्यात, मला सांगायला येऊ नये. पण झोप या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालायचा नाही. शिरगावातून बोईसरला जाऊन कंपनीत बॉयलरवर मी इतकी वर्षं शिफ्ट केली, की दिवसातली नि रात्रीतली अशी एक वेळ नाही जेव्हा मी कधी ना कधी गाढ झोपलेलो नाही. असं छातीवर हात ठेवून सांगणारा दुसरा माणूस गावात असेल तर त्याने पुढे यावं.

बोईसर-तारापूरकडची झोपच वेगळी. सकाळी चांगलं ऊन आल्यावर तिथल्या चाळीत जा, निम्म्या खोल्यांच्या खिडक्यांना आतून काळा कागद नाहीतर जुनी चादर लावलेली दिसेल. आत माणसं झोपलेली. बाहेर ट्रक चालू, लग्नाचा बँड चालू, तरी हूं की चूं नाही. पण कंपनीचा भोंगा एखाद्या दिवशी वाजायचा राहिला, की सगळी चाळ दचकून उठायची. यूपी-बिहारची पोरं एका खोलीत एकच पलंग ठेवायची. एक ड्युटीवर निघाला की दुसरा येऊन त्याच जागेवर आडवा. आमच्या खात्यातला एक सांगायचा, "चाचा, हमारा बिस्तर कभी ठंडा नहीं होता." तो आणि त्याचा जोडीदार एका खोलीत राहायचे, पण एकमेकांना जागं असं फारसं पाहिलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी समोरासमोर आले की दोघं लाजायचे.

मी स्वतः कंपनीच्या बसमध्ये दांडी धरून उभ्याने झोपायचो. हात कधी सुटला नाही. शिरगावचा फाटा आला की डोळे आपोआप उघडायचे. एकदासुद्धा पुढे गेलो नाही. म्हणजे एकदा गेलो होतो, पण त्या दिवशी ड्रायव्हरने रस्ता बदलला होता, त्याला मी काय करणार.

तर असा मी रिटायर झालो. शाल घातली, नारळ दिला. साहेब भाषणात म्हणाले, आता घरी जाऊन आराम करा. मी मान हलवली. घरी येऊन बघतो तर पुढचा आठवडा नाईटचा होता.

हे लोकांना समजत नाही म्हणून नीट सांगतो. एक आठवडा सकाळची ड्युटी, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची, असं आमचं चक्र. ते चक्र अंगात बसतं. सोमवारी रात्री जेवलो आणि नेहमीच्या वेळेला शर्ट चढवला. डबा मागितला नाही, एवढी अक्कल मला आहे. जाऊन ओट्यावर बसलो. सकाळी आंघोळ केली, जेवलो, खिडकीला चादर लावली आणि झोपलो. नाईटचा आठवडा संपला तशी सकाळची ड्युटी लागली, ती केली. मग दुपारची. असं चालू राहिलं.

घरची म्हणाली, "कंपनीने सोडलं तुमाला, आता तुमी कंपनीला सोडा की."

मी म्हटलं, "चालतं बॉयलर असं एकदम थंड करतात काय? फुटेल."

"फुटू दे. आवाज एकदाच होईल तरी."

तिचं म्हणणं असं होतं, की लग्न झाल्यापासून तिला एक सलग रात्र मिळालेली नाही. माझी सकाळची असली की ती अंधारात उठून डबा करायची. दुपारची असली की मी येईपर्यंत बसून राहायची, आल्यावर आमटी गरम करायची. नाईट असली की रात्र तिची, पण मग दिवसभर घरात मांजराच्या पावलाने चालायचं. कुकरला शिटी देऊ द्यायची नाही, पोरांना मोठ्याने पाढे म्हणू द्यायचे नाहीत. मी रिटायर होण्याची वाट ती माझ्यापेक्षा जास्त बघत होती. आणि आता मी ओट्यावर बसतो, मध्येच उठून चहा करतो, वाडीत जाऊन पडवळाचा मांडव बांधतो, बोरिंगची मोटर लावतो. "तू झोप ना, तुला कोण उठवतं," मी म्हणायचो. त्यावर ती उशी कानावर घ्यायची.

गावात वेगळीच गंमत. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन भर दुपारी आले आणि दार ठोकत बसले. मी आतून ओरडलो, "नाईट हाय माझी!" ते पत्रिका कडीला अडकवून गेले, आणि गावभर झालं की म्हाताऱ्याला परत नोकरी लागली. शिरगावच्या नाक्यावर एकाने विचारलं, "वॉचमन म्हणून घेतलं काय?" वॉचमनचं काम वाईट नाही. पण बॉयलर सांभाळलेल्या माणसाला असं विचारायचं? मी म्हटलं, "बॉयलरवरच घेतलंय." दुसऱ्या दिवशी तो भाच्याला घेऊन आला, याला पण लावा म्हणून. त्या भाच्याला कटवताना मला दुपारची झोप सोडावी लागली.

पावसाचे दिवस आले, आणि एका सकाळी ही पिशवीत लुगडी भरायला लागली. तिची थोरली बहीण सफाळ्याला दिलेली आहे. त्यांची भातशेती, लावणीच्या वेळेला घरात माणूस लागतं.

"लावणीला चाललीस?" मी विचारलं.

"लोकांना लावणी सांगा. मी झोपायला चाललेय."

"इथे झोप नाय?"

"इथे शिफ्ट हाय."

"परत कवा येणार?"

"तुमी रिटायर झालात की."

बायका माहेरी, बहिणीकडे भांडून जातात हे ऐकलं होतं. झोपायला गेलेली ही पहिलीच. मला वाटलं, चार दिवसांत येईल. तिला माझ्या हातच्या भाजीची काळजी वाटेल. पण दाराशी थांबून तिने मुलाला सांगितलं ते मी ऐकलं. "ताई कदीपासून बोलावते, मोठं घर हाय, ती पण एकटीच असते दिवसभर. यांनी रात्रीचं रात्री झोपायचं ठरवलं नाय, तर मी तिथेच राहते. मस्करीत सांगत नाय मी." आणि गेली.

संध्याकाळी फोन केला. मी आधी भाताची रोपं कशी आहेत ते विचारलं, मग विचारलं, "झोप लागली काय?"

"काय सांगू तुमाला! कोंबडा आरवला ते पण नाय कळलं. ताईने हलवून बघितलं, म्हणे मेलीस काय गो."

ती हसत होती. तिचा आवाज आमच्या लग्नातल्यासारखा आला. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की तिचा आवाज जरा खरखरीतच आहे. तसा तो नव्हता. तो झोप न झालेल्या माणसाचा आवाज होता. मी फोन ठेवला.

मग मी रात्री झोपायचा प्रयत्न केला, कोणाला न सांगता. सून आणि मुलगा दोघं बोईसरला कामाला जातात, रात्री दमून झोपतात, त्यामुळे बघायला कोणी नव्हतं. दुधात जायफळ उगाळून घेतलं. पाय गरम पाण्यात ठेवले. काशाची वाटी काढून तळपायाला तेल लावून घासली. दुसऱ्याने घासली तर झोप येते हे मला मान्य आहे. स्वतःच्या पायाला स्वतः वाकून घासली तर कंबर धरते. सकाळच्या ड्युटीच्या आठवड्यात रात्री झोप ठीक लागायची. पण नाईटचा आठवडा आला की गादीवर पडलेलो मी आणि डोळे उघडे.

अशात आमचे व्याही आले. आमच्या मुलाने लग्न आपल्या मनाने केलं, मुरब्याच्या तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या मुख्य माणसाच्या मुलीशी. मी सुरुवातीला काही दिवस बोललो नव्हतो, आणि मग वरातीत सगळ्यांत जास्त मीच नाचलो, ते सोडा. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. घरी बसून कंटाळले म्हणून व्याही सुके बोंबील आणि फाटलेलं जाळं घेऊन लेकीकडे राहायला आले. लेकीनेच बोलावलं असणार, सासऱ्याकडे जरा बघा म्हणून. मी विचारलं नाही.

व्याह्यांची झोप मी पहिल्यांदाच जवळून पाहिली. पडवीत जाळं विणत बसले होते. सांगत होते, "वारा असा फिरला, लाट उठली ती केवढी, आणि मग आमी..." आणि घोरायला लागले. सुई हातात तशीच. मी चहा प्यालो, वाडीत एक फेरी मारून आलो. व्याह्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "...जाळं कापलं नि सुटलो." एक शब्द इकडचा तिकडे नाही. घड्याळ बघायचे नाहीत. समुद्राला भरती लागायची वेळ झाली की दूर शिरगावात बसून यांचे डोळे उघडायचे. मला असूया वाटली, पण मी ती दाखवली नाही.

रविवारी सून मोबाईलवर वाचून दाखवत होती. डॉल्फिन म्हणे अर्ध्या डोक्याने झोपतो, अर्धं जागं ठेवतो, आणि एक डोळा उघडा.

व्याही म्हणाले, "अर्ध्या डोक्याचे माझ्या होडीवर पण होते. पण ते जागेपणी."

"आणि बाबा, काही समुद्री पक्षी उडता उडता झोपतात."

"ते तुमचे नातेवाईक, व्याहीबुवा. बसमधले," व्याही मला म्हणाले.

पुढे तिने वाचलं, की म्हातारपणी झोप हलकी होते, मध्ये जाग येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुपारी जेवल्यावर थोडं पडलं तर चांगलंच. ही बातमी मला आवडली. पालघरच्या डॉक्टरने पण हेच सांगितलं होतं, पण तो पोरगेलासा आहे म्हणून मी विश्वास ठेवला नव्हता. मोबाईल तरी म्हणतो म्हणजे असेल.

व्याह्यांनी मग सुनेला आत पाठवलं आणि मला सरळ विचारलं, "विहीणबाई कवा येणार?"

मी सांगितलं, काय ते सगळं.

व्याही म्हणाले, "होडी वर ओढली ना, की आमाला पण झोप नाय. जमीन हलत नाय, कशी लागणार? मग माझा बाप करायचा तेच मी करतो. सुकाणू काढून घरी आणतो आणि पडवीत आडवं ठेवतो. ते आडवं झालं की मी आडवा. नारळी पुनवेपर्यंत समुद्राचं समुद्र बघेल." थोडं जाळं विणलं, आणि मग म्हणाले, "तुमी तुमचं बॉयलर कोणाच्या हातात दिलंत?"



बॉयलरवर एक नियम असतो. तुमची वेळ संपली म्हणून उठून जायचं नाही. दुसरा माणूस येतो, त्याला रिलीव्हर म्हणतात. तो आपल्या डोळ्यांनी काचेत पाण्याची पातळी बघतो, प्रेशर बघतो, आणि तोंडाने म्हणतो, "घेतलं." हे कानावर पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. लग्न असो, मयत असो. रिलीव्हर आला नाही म्हणून मी दोन-दोन शिफ्ट उभा राहिलेला माणूस आहे. आणि शेवटच्या दिवशी काय झालं? ड्युटी चालू असतानाच मला वर हॉलमध्ये बोलावलं. शाल, फोटो, वडापाव. खाली कोणी तरी जाऊन उभा राहिला असेल. पण मी कोणाला दिलं नाही आणि मला "घेतलं" कोणी म्हटलं नाही. हॉलमधून मला थेट गाडीत बसवलं.

हे मी व्याह्यांना सांगितलं. ते इतके हसले की जाळ्याची सुई खाली पडली.

"म्हणजे तुमी अजून ड्युटीवरच!"

"हसू नका."

"नाय हसत." आणि परत हसले.

त्या रात्री जेवणं झाली, मी शर्ट घालून ओट्यावर आलो. नाईटचा आठवडा होता. व्याही बनियनवर होते, ते आत गेले, शर्ट घालून, केस विंचरून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "द्या चार्ज."

"मस्करी करता काय माझी?"

"मस्करी नाय. मी तांडेल हाय. माझ्या हातात माणसांनी आपले जीव सोपवलेत. तुमचा ओटा नाय सांभाळता येत मला?"

मी उठलो. सांगितलं, टाकी भरली आहे, मोटर बंद आहे, मागच्या दाराला कडी आहे, गॅस खालून बंद केला आहे, मांजर बाहेर आहे आणि तिला आत घ्यायची नाही. व्याही एकेक करून सगळीकडे गेले. टाकीवर टिचकी मारून बघितली, कडी ओढून बघितली, गॅसपाशी वाकले. परत येऊन ओट्यावर माझ्या जागेवर बसले आणि म्हणाले, "घेतलं. जा तुमी."

मी आत जाऊन पडलो. पाठ टेकली एवढं आठवतं.

सकाळी बाहेर आलो तर माझा रिलीव्हर ओट्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला, आणि मांजर त्यांच्या पोटावर.

"ड्युटीवर झोपता?" मी हलवलं.

त्यांनी एक डोळा उघडला. "टाकी जागेवर हाय?"

"हाय."

"दार?"

"हाय."

"मग ओरडता कशाला?" आणि कूस बदलली. मांजरीने पण बदलली.

नाईटचा सगळा आठवडा व्याह्यांनी चार्ज घेतला. मग नारळी पुनव जवळ आली म्हणून होडी रंगवायला मुरब्याला गेले. तेव्हापासून मुलाने घेतला. तो ओठांत हसू दाबून घ्यायचा, पण दार बघायचा, एवढं खरं.

मी फोन केला. "रात्रीचा झोपतोय मी."

"कोणाला विचारू?"

"सुनेला विचार."

सुनेने फोन घेतला. "खरं हाय आई. मालिका संपायच्या आत झोपतात. आम्ही आवाज वाढवला तरी उठत नाहीत."

"पुढचा नाईटचा आठवडा जाऊ दे," ही म्हणाली. "व्याही नसताना. मग बघू."

माझ्यावर तिचा विश्वास एवढाच. पण मी पण हट्टाचा. तो आठवडा मी असा झोपलो की मुलगा म्हणाला, बाबा, आता जरा उठत जा. सफाळ्याला सुनेने रोज फोनवर रिपोर्ट दिला असणार, कारण आठवडा संपल्या संपल्या रिक्षा फाटकाशी थांबली आणि ही उतरली. चेहरा भरलेला. बहिणीने दिलेली गावठी अंडी मांडीवर धरून आणली होती. मला म्हणाली, "वाळलात." तेवढ्यावर मला बरं वाटलं.

रात्री जेवणं झाल्यावर मुलगा नेहमीसारखा चार्ज घ्यायला आला. हिने त्याला आत पाठवलं. "काय ते नाटक करता म्हणे?"

"नाटक नाय ते. आता तू घे."

"मी?" ती पदराला हात पुसत उभी राहिली. "मी इतकी वर्षं घेतलेलाच हाय. मला कोण रिलीव्ह करणार ते सांगा."

मी विचार करायला लागलो. तिने चार्ज घेतला तर ती जागी. परत मी घेतला तर मी जागा. मुलाला सकाळी कामाला जायचं, तो किती दिवस घेणार? मी हे सगळं तिला समजावून सांगायला लागलो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या कंपनीत ते वर्षातनं एकदा सगळं बंद करायचे. तेवा कोण बसायचं बॉयलरवर?"

"शटडाऊनला? कोणी नाय. आग विझवलेली असते."

"मग विझवा."

मी म्हटलं, शटडाऊन असं कोणीही उठून करत नाही, त्याला इनचार्जची परवानगी लागते.

"दिली," ती म्हणाली. दिवा घालवला आणि आत गेली. मी दार ओढून घेतलं, कडी एकदाच बघितली आणि आत जाऊन पडलो.

सकाळी मी आधी उठलो. ही झोपलेली. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली उतरून तिच्या पायापर्यंत आली, तरी झोपलेली. मुलगा-सून चपला हातात घेऊन बाहेर पडले. खोलीपाशी कलकलाट नको म्हणून मी आमच्या कोंबड्या कधी नव्हे त्या वाडीतल्या मांडवाखाली हाकलून आलो. चहा केला, तो निवला. शेवटी तिने डोळे उघडले आणि एकदम उठून बसली.

"उठवलं का नाय मला?"

"कशाला?"

"सगळी कामं पडलीत. पोरं?"

"गेली."

"डबे?"

"सुनेने केले."

तिने केस मागे घेतले, खोलीभर बघितलं, जणू काही तरी राहिलं असेल आणि आठवत नसेल. मग म्हणाली, "मग पडते अजून जरा." आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

मी ओट्यावर येऊन बसलो. शेजारची सून वाटीभर साखर मागायला आली. मी हाताने खूण केली, हळू.

"काकी झोपल्यात? अजून?" ती कुजबुजली. "बरं नाय काय त्यांना?"

"बरं हाय," मी म्हटलं, "म्हणून झोपलीय."